हलक्या रॅकेटचे वजन

बॅडमिंटनच्या रॅकेटचे वजन तिच्या मुठीच्या वर, दांडी जिथे मुठीत शिरते त्या निमुळत्या भागावर, बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘३यू’, ‘४यू’, ‘५यू’ अशी ती खूण. ‘यू’च्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. त्याहून हलक्या, ७० ते ७४ ग्रॅमच्या रॅकेटींवर काही कंपन्या ‘एफ’ हे अक्षर छापतात. ही सगळी वजने तारा बांधण्यापूर्वीची. खेळाच्या नियमांत रॅकेटच्या वजनाला मर्यादाच नाही. लांबी ६८० मिलिमीटरच्या आणि रुंदी २३० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे नियम सांगतात. वजन ज्याने त्याने आपल्या हाताला विचारून ठरवायचे.

एका गटातून दुसऱ्या गटात जाताना फरक पडतो तो पाचेक ग्रॅमचा, म्हणजे एका शटलएवढा. दुकानात रॅकेट हातात घेऊन उभे राहिले तर तो कळत नाही. तासभर खेळून झाल्यावर खांद्याला कळतो.

महाड आणि पोलादपूरकडे हा खेळ वर्षभर एकसारखा राहत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात उघड्यावर जाळी बांधायचा प्रश्नच नसतो. जिथे छप्पर मिळेल तिथे खेळ शिरतो: शाळेचे सभागृह, रिकामे मंगल कार्यालय, पत्र्याची शेड. दिवाळीनंतर तोच खेळ अंगणात, वाडीतल्या सपाट जागेत किंवा एमआयडीसीच्या वसाहतींतल्या मोकळ्या चौकात येतो, हॅलोजनच्या उजेडात, रात्री जेवणानंतर. या दोन्ही जागा रॅकेटच्या निवडीवर परिणाम करतात, आणि दुकानदार त्यांचा विचार क्वचितच करतो.

छपराखालच्या जागेची अडचण म्हणजे उंची. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या सभागृहात कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब. तिथे उंच टॉस मारला की शटल कैचीला लागते आणि गुण जातो. त्यामुळे खेळ आपोआप आडवा होतो: जाळीला घासून जाणारे सरळ फटके, जाळीजवळची हलकी टिचकी, अंगावर आलेला फटका नुसता अडवणे. उघड्यावर उंचीची अडचण नसते, पण वारा असतो, आणि उंच उडालेले शटल वारा नेईल तिकडे जाते. म्हणजे तिथेही शटल खालीच ठेवावे लागते. अशा खेळात मागच्या रेषेवरून स्मॅश मारण्याची ताकद फारशी कामाला येत नाही. रॅकेट पुढच्या फटक्यासाठी झटकन वर येणे जास्त मोलाचे. हलकी रॅकेट घ्यावी याचे इथले खरे कारण हे आहे. हात दुखू नये हे दुसरे.

योगायोग असा की या खेळाचे नियम ज्या गावात आकाराला आले ते महाडहून फार दूर नाही. वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला जाता येते. तिथल्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी एकोणिसाव्या शतकात हा खेळ खेळत, आणि १८७३ च्या सुमारास पुण्यात त्याचे नियम लिहिले गेले. काही काळ खेळाचे नावच ‘पूना’ होते. पुढे इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बोफोर्ट यांच्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्याला चिकटले. त्या काळी वारा किंवा ओल असली की शटलऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. कोकणच्या हवेत खेळणाऱ्याला ती युक्ती लगेच पटेल.

तेव्हाच्या रॅकेटी लाकडी होत्या आणि शंभर ग्रॅमच्या बऱ्याच पुढे जात. दमट हवेत लाकूड वाकडे होई, म्हणून खेळ संपला की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवावी लागे. तारा जनावरांच्या आतड्यापासून बनवत. आतड्याला इंग्रजीत ‘गट’ म्हणतात. तारा आता नायलॉनच्या झाल्या, तरी रॅकेट घेऊन दुकानात गेलेला माणूस अजून ‘गटिंग करून द्या’ असेच म्हणतो. १९५६ मध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर, लाकडाच्या त्याच जमान्यातले. त्यांचा लौकिक ताकदीचा नव्हता, हातातल्या कलेचा होता. नियंत्रण शेवटी मनगटात असते. रॅकेट त्याच्या आड येऊ नये, इतकीच तिच्याकडून अपेक्षा.

आड येते ती बहुधा तोल चुकल्यामुळे. ८२ ग्रॅमच्या दोन रॅकेटी हातात अगदी वेगळ्या वाटू शकतात, कारण त्यांतले वजन वेगवेगळ्या ठिकाणी असते. पोलादपूरच्या रानात कोयती चालवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोयतीचे वजन मुद्दाम पुढे, पात्याकडे ठेवलेले असते. एकदा उगारली की ती स्वतःच्या भाराने फांदीवर उतरते. पण उगारलेली कोयती मध्येच वळवायची म्हटली तर मनगट भरून येते. डोक्याकडे जड असलेली रॅकेट अशीच चालते. स्मॅशला वजन मिळते, पण शटलने दिशा बदलली तर रॅकेट वेळेवर वळत नाही. ज्याला नियंत्रण हवे त्याला वजन मुठीकडे किंवा फार तर मधोमध असलेली रॅकेट लागते.

तोल पाहायला कसलेही साधन लागत नाही. रॅकेट आडवी करून तर्जनीवर ठेवावी आणि ती ज्या बिंदूवर स्थिर राहते तिथपासून मुठीच्या बुडापर्यंतचे अंतर मोजावे. साधारण २८५ मिलिमीटरपेक्षा कमी भरले तर रॅकेट मुठीकडे जड, २९५ च्या पुढे गेले तर डोक्याकडे जड, मधले ते समतोल. कंपन्यांचे हिशेब थोडे इकडेतिकडे असतात, म्हणून एकाच दुकानातल्या दोन-तीन रॅकेटी एकापाठोपाठ बोटावर ठेवून पाहणे जास्त उपयोगाचे. इथे एक फसगत होते. फार हलक्या, ५यू आणि त्याखालच्या रॅकेटींतल्या काही मुद्दाम डोक्याकडे जड बनवतात, नाहीतर शटलला धक्काच बसत नाही. छापलेला आकडा हलका आणि हातातला अनुभव जड, असा उलटा प्रकार त्यांच्या बाबतीत घडतो.

मोठ्या शहरांत अलीकडे दिसू लागलेल्या पॅडेल या काचेच्या भिंतींमधल्या खेळातही हाच हिशेब चालतो. पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. आत फोम भरलेली, भोके पाडलेली ती फळी बहुधा ३४० ते ३९० ग्रॅमची असते, म्हणजे बॅडमिंटनच्या रॅकेटच्या चौपटीहून जड. तिथे ‘हलकी’ म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासची. पण नियंत्रणासाठी सुचवतात ती तिथेही गोल चेहऱ्याची आणि मुठीकडे वजन असलेली.

तर मग सगळ्यांत हलकी तीच घ्यावी का? नाही. हलकेपणाची किंमत मोजावी लागते. समोरून जोरात आलेला स्मॅश अडवताना हलकी रॅकेट हातात डगमगते. फटक्यात तिचे स्वतःचे वजन कमी पडते, मग शटल मागच्या रेषेपर्यंत पोचवण्यासाठी खेळणारा खांद्याने ढकलू लागतो, आणि जो खांदा वाचवायचा होता तोच दुखू लागतो. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये हात घडलेली मंडळी तर बॅट फिरवल्यासारखा पूर्ण हात फिरवतात. त्यांच्या हातात ७० ग्रॅमची रॅकेट दिली तर ती हवेत नुसती सुळकन जाते आणि शटल जाळीत. अंगण आणि शेड अशा दोन्ही जागी, आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्या प्रौढ माणसाला ४यू आणि समतोल किंवा किंचित मुठीकडे जड ही निवड योग्य ठरते. खांद्याचा जुना त्रास असेल, चण लहान असेल किंवा जोडीत बहुतेक वेळ जाळीजवळच उभे राहायचे असेल, तर ५यू चालेल. मुंबईचा बॅडमिंटनपटू चिराग शेट्टी मागून उडी घेऊन जे स्मॅश मारतो ते टीव्हीवर पाहून तसली रॅकेट मागणारी मुले दुकानात येतात. त्या रॅकेटमागे दिवसाचे कित्येक तास सराव केलेले शरीर असते.

दांडीची लवचीकता हा निवडीतला तिसरा भाग, आणि तो लवकर आटोपतो. फटका मारताना दांडी किंचित मागे वाकते आणि परत सरळ होते. त्या सरळ होण्यातून शटलला वेग मिळतो. ज्याचा हात फार वेगाने फिरत नाही त्याला ताठ दांडी वाकवताच येत नाही आणि सगळा धक्का हाताकडे परत येतो. नवख्याने आणि चाळिशीनंतर खेळाकडे परतलेल्याने लवचीक किंवा मध्यम दांडी घ्यावी. दांडी फार लवचीक असेल तर फटक्याची दिशा थोडी ढिली पडते, म्हणून नियंत्रणाकडे लक्ष असणाऱ्याने मध्यमवर थांबावे. चेहऱ्याचा आकारही एका वाक्यात सांगता येतो: पूर्वीच्या अंडाकृतीपेक्षा आजचा वरून थोडा चौकोनी आकार बरा, कारण त्यात शटल मध्यापासून जरा बाजूला लागले तरी फटका वाया जात नाही.

मुठीकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण आरामाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो किंवा बिघडतो. वजनाच्या खुणेशेजारीच ‘जी४’, ‘जी५’ असा मुठीचा घेर लिहिलेला असतो. भारतात जास्त खपणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत आकडा मोठा तशी मूठ बारीक, पण सगळ्यांचे माप एक नाही, तेव्हा हातात धरूनच पाहावे. धरल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा अंगठ्याखालचा फुगीर भाग यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. बोटे तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे.

बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, आणि सतत आवळलेली मूठ हे कोपराच्या दुखण्याचे मोठे कारण आहे. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे जोडलेले असतात तिथे त्या दुखण्याची कळ उठते. त्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण ते टेनिसपटूंपुरते नाही. पिळणे, घासणे, पाना फिरवणे असली कामे करणाऱ्या हातांना ते पुष्कळदा होते. दिवसभर कारखान्यात व्हॉल्व्ह फिरवून किंवा घरात धुणे पिळून आलेला हात संध्याकाळी रॅकेट धरतो तेव्हा तो ताजा नसतो. त्याच्यासाठी मुठीचा घेर हा चैनीचा प्रश्न नाही. दुखणे दोन-तीन आठवडे टिकले तर रॅकेट बदलण्याआधी डॉक्टरांना हात दाखवावा.

रॅकेट धरायची पद्धत याच्याशीच जोडलेली आहे. झारा धरावा तशी रॅकेट मुठीत गच्च पकडणे ही नवशिक्यांची सार्वत्रिक सवय. त्याऐवजी हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तशी ती बोटांत सैल धरावी आणि शटल लागण्याच्या क्षणीच बोटे आवळावीत. बोटांना आवळायला जागा मिळावी म्हणून मूठ सुरुवातीला किंचित बारीक घेऊन वरून ग्रिपची पट्टी गुंडाळणे सोयीचे. दोनदा गुंडाळून घेर वाढवता येतो, जाड मूठ मात्र कमी करता येत नाही. एका वरच्या पट्टीने सुमारे पाच ग्रॅम वाढतात, म्हणजे वजन एका गटाने वर जाते. पण ते मुठीकडे वाढत असल्याने रॅकेट उलट अधिक चपळ वाटते. घाम येणाऱ्या हातांसाठी, आणि महाडच्या हवेत बहुतेक हात तसलेच, टॉवेलच्या कापडाची ग्रिप बरी. ती मळते लवकर, बदलावीही लागते वारंवार, पण हातातून निसटत नाही.

गटिंगवर सगळ्यांत कमी विचार होतो. तारांचा ताण पौंडांत मोजतात. ताण कमी असेल तर तारा शटलला झोळीसारखे आत घेतात आणि परत फेकतात. कमी श्रमात अंतर मिळते, धक्काही मऊ बसतो. ताण जास्त असेल तर शटल तारांवर कमी वेळ टिकते, नेम अधिक काटेकोर साधतो, पण तो फक्त बरोबर मध्यावर मारणाऱ्यालाच. इतरांना अशा रॅकेटमधून नुसता ठोका मिळतो. ‘जास्त ताण म्हणजे जास्त नियंत्रण’ हे वाक्य म्हणून अर्धेच खरे. फटका दर वेळी मध्यावर लागत नसेल तर २० ते २२ पौंड पुरेसे, चांगला सराव असलेल्याला २४ ते २५. त्यापुढचे आकडे सांगणारे मित्र प्रत्येक गटात एक-दोन असतात, त्यांचे ऐकू नये. रॅकेट किती ताण सोसते ते तिच्यावर लिहिलेले असते. हलक्या आणि स्वस्त चौकटींची मर्यादा बहुधा कमी असते, आणि ती ओलांडली तर चौकट गटिंगच्या यंत्रावरच तडकू शकते. तारेची जाडीही पाहावी. ०.७० मिलिमीटरची तार जास्त टिकते, ०.६६ आणि त्याहून बारीक तारेचा आवाज खणखणीत येतो पण ती तुटतेही लवकर. गटिंगचे यंत्र गावात नसेल आणि प्रत्येक वेळी रॅकेट कुणाबरोबर तरी मुंबईला किंवा पुण्याला पाठवावी लागत असेल, तर जाड तारेशिवाय दुसरा विचारच करू नये.

शटल कोणते वापरले जाते यावरही रॅकेटची निवड ठरते. पिसांच्या शटलला १६ पिसे असतात, वारा त्याला मानवत नाही आणि एका संध्याकाळी दोन-तीन शटले संपतात. त्यामुळे अंगणात नायलॉनचेच ‘फूल’ चालते. ते पिसांच्या शटलसारखे शेवटी एकदम खाली गळत नाही, थोडे पुढे सरकत राहते. म्हणून ड्रॉप जाळीपासून लांब पडतो आणि टॉस रेषेबाहेर जातो. जोर आवरता येईल अशी रॅकेट नायलॉनसाठी उपयोगी, ती याच कारणाने. नायलॉनच्या शटलला बुचाजवळ रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. हवा तापली की विरळ होते आणि शटल लांब जाते, म्हणून एप्रिल-मेच्या रात्री हिरवी पट्टी आणि थंडीत निळी. उंचीचाही असाच परिणाम होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला तेच शटल नेले तर तिथली थंडी जमेस धरूनही ते पायथ्यापेक्षा लांब जाईल. सहलीला गेल्यावर अचानक आपला फटका सुधारला असे वाटले तर त्याचे श्रेय हवेला द्यावे.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळाव्यात. जोडीने मिळणाऱ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या स्वस्त रॅकेटी मुलांच्या खेळापुरत्या ठीक. चौकट आणि दांडी यांच्यात ‘टी’ आकाराचा जोड वेगळा दिसत असेल तर ती रॅकेट बहुधा त्याच जातीची. नियमित खेळायचे असेल तर चौकट आणि दांडी दोन्ही कार्बन ग्राफाइटची असावीत. वजन कमी होते ते त्यामुळेच. दुसरी गोष्ट नकलांची. नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांच्यावर छापलेला ‘४यू’ किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला तर टिकतोच असे नाही. किंमत अविश्वसनीय कमी असेल तर विश्वास ठेवू नये. सगळ्यांत चांगले म्हणजे कुणा सोबत्याची त्याच वजनाची आणि तोलाची रॅकेट दोन संध्याकाळ मागून घ्यावी. पहिल्या दिवशी कोणतीही नवी रॅकेट आवडते, दुसऱ्या दिवशी खांदा खरे सांगतो.

पावसाळ्यात रॅकेट सांभाळण्याचे काम वाढते. कार्बनची चौकट ओलीने वाकत नाही, लाकडी चौकटीची कटकट आता उरलेली नाही. पण घामाने भिजलेली ग्रिप बंद पिशवीत चार दिवस राहिली तर तिला बुरशी धरते आणि वास कपड्यांनाही लागतो. घरी आल्यावर रॅकेट पिशवीतून काढून वाऱ्यावर टांगावी. ग्रिप पांढरट दिसू लागली की सोलून टाकावी, धुऊन परत लावण्याचा हिशेबीपणा करू नये. नायलॉनच्या तारा न खेळताही हळूहळू ढिल्या पडतात, त्यामुळे जूनमध्ये ठेवून दिलेली रॅकेट दिवाळीत बाहेर काढल्यावर ताण उतरलेला असणारच. उन्हाळ्यात ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. खेळताना एखादी तार तुटली तर उरलेल्या तारांचा ताण चौकटीला एका बाजूला ओढू लागतो, आणि हलक्या चौकटीला ते सोसत नाही. तेव्हा घरी पोचायची वाट न पाहता तिथेच कात्रीने, मध्यापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना सरकत, सगळ्या तारा कापून टाकाव्यात.